पराभवाचें खापर

आमच्या घरांत पंक्तीला बसल्यावर वादासाठीं विषय शोधावा लागत नाहीं. तिघां भावांचें एकत्र कुटुंब. थोरल्या आत्याबाईंपासून धाकट्या नातवापर्यंत मिळून पंधरा माणसें, आणि मतें सोळा! छत्रपति संभाजीनगरांतील समर्थनगर भागांत आमचें जुनें घर आहे. त्याच्या भिंती जाड असल्यामुळें आवाज कितीहि चढला तरी शेजाऱ्यांस उपद्रव होत नाहीं, एवढेंच काय तें समाधान. परवांच्या रविवारीं मात्र जो वाद झाला तो एका कागदावरून झाला, आणि त्यानें मला दोन रात्री नीट झोंप येऊं दिली नाहीं. म्हणून ती हकीकत वाचकांपुढें ठेवीत आहें.

माझा पुतण्या येथील एका महाविद्यालयांत शेवटच्या वर्षाला आहे. तो स्वतः खेळाडू नव्हे. उंचीनें बेताचा, चष्मा लावणारा. परंतु महाविद्यालयाच्या बास्केटबॉल-संघाचा त्याच्याइतका एकनिष्ठ भक्त शोधूनहि सांपडणार नाहीं. सामना असेल त्या दिवशीं त्याला भूक लागत नाहीं, आणि संघ हरला तर दुसऱ्या दिवशींहि लागत नाहीं. दुर्दैवानें हे उपास अलीकडे वाढत चालले आहेत. विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेंत हा संघ चार वर्षांत उपांत्य फेरीच्या पुढें गेलेला नाहीं. या चार वर्षांत प्रशिक्षक मात्र तीन झाले. यंदाच्या उपांत्य सामन्यांत दीड मिनिट उरलें असतां सहा गुणांची आघाडी होती. तीहि घालवून संघ हरला, आणि मुलांच्या संतापाचा बांध फुटला. त्यांनीं प्राचार्यांच्या नांवें अर्ज लिहिला कीं, विद्यमान प्रशिक्षकांस तत्काळ दूर करावें. चाळीस सह्या झाल्या होत्या. माजी विद्यार्थी या नात्यानें एक्केचाळिसावी माझी हवी होती.

"काका, तुम्ही नुसती सही करा," तो म्हणाला, "पुढचें सगळें आम्ही पाहतों."

मीं अर्ज दोनदां वाचला. भाषा तिखट होती, तरी तक्रारी सर्वस्वीं पोकळ नव्हत्या. ज्या वाचकांस हा खेळ अपरिचित असेल त्यांच्यासाठीं दोन शब्द सांगतों. बास्केटबॉलमध्यें प्रत्येक बाजूचे पांच खेळाडू मैदानांत असतात व बाकीचे बाजूच्या बांकावर बसतात. दहा फूट उंचीवरील कड्यांतून चेंडू टाकावयाचा. चेंडू हातीं आला कीं चोवीस सेकंदांच्या आंत प्रयत्न करावयाचा. आणि खेळ चार भागांत मिळून चाळीस मिनिटें चालावयाचा. क्रिकेटमध्यें फलंदाज एकदां मैदानांत उतरला कीं प्रशिक्षकाच्या हातीं टाळ्या वाजविण्यापलीकडे फारसें कांहीं उरत नाहीं. येथें तसें नाहीं. प्रशिक्षकाला वाटेल तितके खेळाडू बदलतां येतात. शिवाय पूर्वार्धांत दोनदां आणि उत्तरार्धांत तीनदां एकेक मिनिट खेळ थांबवून मुलांस जवळ बोलावण्याचा त्याला अधिकार असतो. प्रतिपक्षानें ओळीनें तीन वेळां चेंडू टाकला, मुलें गोंधळलेलीं स्पष्ट दिसत होतीं, आणि तरीहि या गृहस्थांनीं शिल्लक असलेला थांबा घेतला नाहीं, अशी अर्जांतील पहिली तक्रार होती. ठराविक पांच मुलांनाच सदा खेळवून त्यांना थकविलें, ही दुसरी. आणि "सरावांत त्यांना मुळींच आस्था नाहीं," ही तिसरी.

हें तिसरें वाक्य वाचल्यावर मीं चष्मा काढून ठेवला. त्याचें कारण घरांत कोणासच ठाऊक नव्हतें. तें पुढें येईल.

या खेळाच्या मुळाशींच एक मोठी गमतीची गोष्ट आहे. अमेरिकेंतील स्प्रिंगफील्ड येथें जेम्स नेस्मिथ या शिक्षकानें सन १८९१ च्या डिसेंबरांत, हिवाळ्यांत मुलांस घरांतल्या घरांत खेळतां यावें म्हणून, सज्जाच्या कठड्याला फळांच्या टोपल्या अडकवून हा खेळ निर्माण केला. पुढें ते कॅन्सस विद्यापीठांत गेले व तेथील संघाचे पहिले प्रशिक्षक झाले. त्या विद्यापीठाच्या संघानें पुढें फार मोठी कीर्ति मिळविली; परंतु त्याच्या आजवरच्या सर्व प्रशिक्षकांत विजयांपेक्षां पराभव अधिक पदरीं आलेले गृहस्थ एकच, आणि ते म्हणजे खुद्द नेस्मिथ! त्यांचे विजय ५५ व पराभव ६०. ज्यानें खेळ शोधला त्यालाच तो येत नव्हता, असें म्हणण्याचें धाडस कोण करील? विद्या असणें आणि विजय मिळणें यांत अंतर आहे, एवढेंच यावरून दिसतें.

पण दूरच्या गोष्टी कशाला? आपल्या महाराष्ट्रांतीलच पाहूं. रणजी करंडक ही मुंबईकरांस घरची मिरास वाटते. सन २०१५-१६ सालीं त्यांनीं तो ४१ व्या वेळीं जिंकला, तेव्हां प्रशिक्षक होते श्री. चंद्रकांत पंडित. पुढच्याच वर्षीं, जानेवारी २०१७ मध्यें, इंदुरास अंतिम सामन्यांत मुंबई गुजरातकडून हरली. अंतिम सामन्यापर्यंत पोंचलेला संघ हा दुसऱ्या कोणाच्या घरीं कौतुकाचा विषय झाला असता. मुंबईस तो अपयशी वाटला. पंडितांकडे तें काम पुन्हां सोंपविलें गेलें नाहीं. ते विदर्भाकडे गेले. तोंपर्यंत रणजी करंडक कधींच न जिंकलेल्या विदर्भानें १ जानेवारी २०१८ रोजीं त्याच इंदुरांत दिल्लीला हरवून तो जिंकला, आणि पुढच्या वर्षीं पुन्हां जिंकून राखला. मुंबईनें मात्र एकामागून एक प्रशिक्षक बदलले. मधल्या काळांत इतर स्पर्धांत तिला यश आलें. पण रणजी करंडक घरीं परत येण्यास १४ मार्च २०२४ हा दिवस उजाडावा लागला.

आमच्या मराठवाड्याचेंच उदाहरण हवें असेल तर बीड येथें जन्मलेले श्री. संजय बांगर यांचें घ्या. सन २०१४ सालीं त्यांच्या हाताखालीं पंजाबचा संघ आय.पी.एल. स्पर्धेच्या अंतिम सामन्यांत गेला. २०१५ व २०१६ सालीं तोच संघ, त्याच प्रशिक्षकाच्या हाताखालीं, शेवटच्या क्रमांकावर राहिला. पुढें ते भारताच्या संघाचे फलंदाजीचे प्रशिक्षक असतांना २०१९ सालीं मँचेस्टर येथें विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यांत न्यूझीलंडनें आपणांस १८ धावांनीं हरविलें. धोनीस सातव्या क्रमांकावर कां पाठविलें, या प्रश्नाचा भडिमार देशभर झाला. महिन्याभरानें गोलंदाजीचे व क्षेत्ररक्षणाचे प्रशिक्षक कायम राहिले. बांगर तेवढे गेले. त्यांचें चुकलें होतें कीं नव्हतें, याचा निवाडा मी करीत नाहीं. एका सामन्याच्या सुमारें पाऊण तासांत, तीन गडी अवघ्या पांच धावांत बाद झाले, त्या पाऊण तासाचें मोजमाप पांच वर्षांच्या कामाला लावावें काय, एवढाच माझा प्रश्न आहे.

पंक्तीला हें सांगत असतां पुतण्या म्हणाला, "काका, हीं सगळीं मोठीं माणसें. आमच्या सरांची त्यांच्याशीं बरोबरी कशाला?"

"बरोबरी सरांची नाहीं," मीं म्हटलें, "बरोबरी तुझी आणि त्या चाहत्यांची आहे." आणि मीं त्याला ऑक्टोबर २०२५ ची आठवण करून दिली.

ती गोष्ट पुष्कळांच्या स्मरणांत असेल. महिलांच्या विश्वचषक-स्पर्धेंत आपला संघ ९ तारखेस दक्षिण आफ्रिकेकडून, १२ तारखेस ऑस्ट्रेलियाकडून आणि १९ तारखेस इंग्लंडकडून, असा ओळीनें तीन वेळां हरला. पहिले दोन सामने तीन-तीन गडी राखून प्रतिपक्षानें जिंकले. तिसरा तर अवघ्या चार धावांनीं हातचा गेला. त्या रात्रीं आमच्या दिवाणखान्यांत प्रशिक्षक श्री. अमोल मुझुमदार यांची जी संभावना झाली ती छापण्याजोगी नाहीं. ज्यानें स्वतः भारतासाठीं एकहि सामना खेळला नाहीं तो मुलींना काय शिकविणार, असा याच पुतण्याचा सवाल होता. पहिल्याच रणजी सामन्यांत २६० धावा काढणारा आणि प्रथम श्रेणीच्या क्रिकेटमध्यें अकरा हजारांवर धावा करूनहि भारताच्या संघाची वाट पाहत राहिलेला हा माणूस. वाट पाहणें म्हणजे काय, हें त्याच्याहून अधिक कोणाला ठाऊक असणार? पुढें २३ तारखेस न्यूझीलंड, ३० तारखेस ३३९ धावांचें लक्ष्य गांठून ऑस्ट्रेलिया, आणि २ नोव्हेंबरला नवी मुंबईंत दक्षिण आफ्रिका, असे एकामागून एक संघ नमवून आपल्या मुलींनीं विश्वचषक जिंकला. त्या रात्रीं पेढे वांटणारा कोण होता, तर हाच पुतण्या! इंदूरच्या पराभवापासून नवी मुंबईच्या विजयापर्यंत दिवस गेले चौदा. चौदा दिवसांत मुझुमदारांच्या विद्येंत भर ती किती पडली असेल? ते तेच होते. आपण मात्र दोन टोकांना धांवलों.

मग त्याच्या आवडत्या बास्केटबॉलकडे वळून मीं आणखी एक गोष्ट सांगितली. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठांत डीन स्मिथ हे १९६१ सालीं मुख्य प्रशिक्षक झाले. जानेवारी १९६५ मध्यें एका दारुण पराभवानंतर संघ परत आला, तेव्हां विद्यार्थ्यांनीं स्मिथ यांची प्रतिमा करून ती फांसावर लटकविलेली होती. संघांतील बिली कनिंगहॅम या खेळाडूनें बसमधून उतरून ती ओढून काढली. स्मिथ राहिले. १९८२ व १९९३ सालीं त्यांनीं राष्ट्रीय विजेतेपद मिळविलें, आणि १९९७ सालीं निवृत्त झाले तेव्हां त्यांच्या नांवावर ८७९ विजय होते. ज्या विद्यार्थ्यांनीं त्यांना लटकविलें, त्यांच्याच विद्यापीठांत पुढें त्यांच्या नांवाचें क्रीडागृह उभें राहिलें.

"म्हणजे हरलें तरी गप्प बसायचें?" पुतण्यानें विचारलें. त्याचा आवाज कांपत होता. "ज्यांची प्रतिमा लटकवली आणि तरी ते मोठे झाले नाहींत, असेहि असतीलच कीं! त्यांच्या गोष्टी कोणी सांगत नाहीं."

या प्रश्नानें मी निरुत्तर झालों, कारण तो खरा होता. धीर धरल्यानें प्रत्येक वेळीं फळ मिळतेंच असें नाहीं. ग्रेग चॅपेल हे खेळाडू म्हणून केवढे थोर! परंतु २००५ सालीं ते आपल्या संघाचे प्रशिक्षक झाल्यावर ज्येष्ठ खेळाडूंशीं त्यांचें पटेनासें झालें, आणि २००७ च्या विश्वचषकांत बांगला देश व श्रीलंका यांच्याकडून हरून आपण पहिल्याच फेरींत बाहेर पडलों. ज्याच्यावरचा शिष्यांचा विश्वास उडाला, तेथें गुरूची विद्या कितीहि मोठी असली तरी कामास येत नाहीं. अशा वेळीं बदल करणेंच इष्ट. चॅपेल गेले, तें दोन्ही पक्षांच्या हिताचेंच झालें.

तेव्हां प्रश्न राग यावा कीं येऊं नये हा नाहीं. ज्याला संघाविषयीं प्रेम आहे त्याला राग येणारच. तो राग कोणाच्या पत्त्यावर पाठवावयाचा, एवढाच प्रश्न आहे. आणि येथेंच माझी ती जुनी गोष्ट सांगणें प्राप्त झालें.

मीहि एके काळीं असा अर्ज लिहिला होता. महाविद्यालयाचें नांव सांगत नाहीं. आमचा संघ दोन वर्षें पहिल्या फेरींत हरला होता. प्रशिक्षक तरुण होते, वर्षावर्षाच्या नेमणुकीवर होते. माझें अक्षर वळणदार म्हणून मजकूर लिहिण्याचें काम माझ्याकडे आलें. "सरावांत त्यांना आस्था नाहीं," हें वाक्य, जवळजवळ त्याच शब्दांत, माझेंच होतें. अर्जाचा उपयोग झाला. पुढच्या वर्षीं त्यांची नेमणूक झाली नाहीं. नवे प्रशिक्षक आले, आणि आम्ही पुन्हां पहिल्या फेरींतच हरलों.

त्या वर्षीं मी विद्यार्थ्यांचा प्रतिनिधि होतों. कांहीं हिशेब पाहण्यासाठीं कचेरींतील जुनी फाईल उघडली, तों तिच्यांत त्या पहिल्या प्रशिक्षकांचीं चार पत्रें निघालीं. संध्याकाळीं मुलें मोकळीं होतात तेव्हां अंधार पडतो, सबब मैदानावर दोन दिवे मिळावे, सबंध वर्षाला दोन चेंडू पुरत नाहींत, आणखी चार मिळावे, अशा मागण्या. चारहि पत्रांवर कोणाचा शेरा नव्हता, उत्तर नव्हतें. ज्या माणसाला सरावाची आस्था नाहीं म्हणून मीं सुंदर अक्षरांत लिहिलें, तो माणूस सरावासाठीं दिवे मागत होता; आणि ज्यांनीं दिवे दिले नाहींत त्यांच्याकडेच आम्ही त्याची तक्रार घेऊन गेलों होतों! चोर सोडून संन्याशाला सुळीं देणें म्हणतात तें हेंच. पुढें ते कोठें गेले, मला कळलें नाहीं. त्यांची क्षमा मागण्याचें माझ्याकडून राहून गेलें, तें कायमचेंच.

पंक्ति स्तब्ध झाली. वाढतां वाढतां थांबून वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, पाहुणे दारांत आल्यावर हातांत कणीक-पुरण द्यायचें, आणि पोळी फाटली कां म्हणून विचारायचें, तसेंच कीं हें." मग क्षणभर विचार करून त्यांनीं पुस्ती जोडली, "पण मीठ अधिक पडलें तर तें मात्र करणारीचेंच चुकलें. त्याला पाहुण्यांचें निमित्त चालायचें नाहीं."

इतकें नेमकें मला दिवसभर बोलतां आलें नव्हतें. शेवटच्या दीड मिनिटांत थांबा न घेणें हें मीठ होय. तो दोष प्रशिक्षकांचाच, आणि तो त्यांस तोंडावर, आदरानें, पण स्पष्ट सांगितला पाहिजे. परंतु बाकीचें काय? दुसऱ्या दिवशीं पुतण्यानें चौकशी केली. प्रशिक्षकांची नेमणूक तासिका तत्त्वावर, म्हणजे जितके तास तितके पैसे, अशी होती. ती पावसाळा सरतां सरतां झाली, आणि स्पर्धा दीड महिन्यावर होती. याआधींचे दोघेहि असेच आले आणि असेच गेले. दीड महिन्यांत बारा मुलांचीं नांवें पाठ होतील. त्यांचा संघ कसा होणार? आडांत नाहीं तें पोहऱ्यांत कोठून येणार? पी हळद आणि हो गोरी, असा हा व्यवहार. तीन प्रशिक्षक बदलले म्हणून तिघेहि नालायक होते असें नव्हे. तिघांनाहि एकच अपुरा वेळ मिळाला होता. आणि प्रशिक्षक बदलणें हें कारभाऱ्यांना सर्वांत सोपें आणि सर्वांत स्वस्त असतें. दिवे लावण्यास पैसे पडतात. माणूस काढण्यास एक कागद पुरतो. तो कागद चाहत्यांनींच आणून दिला, तर त्यांना आणखी काय हवें?

त्या रात्रीं आम्ही काका-पुतण्यांनीं नवा अर्ज लिहिला. अक्षर त्याचें, माझ्या अक्षराचा मला आतां भरंवसा नाहीं. त्यांत मागण्या चार. प्रशिक्षकाची नेमणूक शैक्षणिक वर्षाच्या आरंभीं व्हावी आणि ती तीन वर्षांची असावी. मैदानावर संध्याकाळीं दोन तास दिवे असावे. हंगामाच्या शेवटीं प्रशिक्षकांनीं मुलांसमोर बसून काय साधलें व काय चुकलें तें सांगावें, आणि मुलांनींहि विचारावें. आणि तीन वर्षांनंतरहि मुलांचा खेळ सुधारला नाहीं, किंवा मुलांचा त्यांच्यावर विश्वास राहिला नाहीं, तर मग अवश्य दुसरा माणूस पाहावा.

"तीन वर्षें" हे शब्द लिहितांना पुतण्याची लेखणी थांबली. "काका, तीन वर्षांनीं मी तेथें नसेन," तो म्हणाला.

मला वाटतें, महाविद्यालयीन चाहत्याच्या उतावळेपणाचें खरें मूळ येथें आहे, आणि तें क्षम्य आहे. विद्यार्थ्याला तेथें तीन-चार वर्षेंच मिळतात; तेवढ्या अवधींत त्याला एक तरी विजय पाहावयाचा असतो. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस येथील संघाकडे जॉन वूडन १९४८ सालीं आले. पहिलें राष्ट्रीय विजेतेपद मिळालें १९६४ सालीं, त्यांच्या सोळाव्या हंगामांत. आणि पुढें १९७५ पर्यंत एकंदर दहा मिळालीं. तीं दहा सर्वांना आठवतात. परंतु त्यापूर्वीं विद्यार्थ्यांच्या जवळजवळ चार पिढ्या टाळ्या वाजवून, घसा बसवून, कांहींहि न पाहतां घरीं गेल्या असतील; त्यांचीं नांवें कोणत्याहि ढालीवर नाहींत. विजयाच्या पायांत त्यांचेहि दगड आहेत.

हें मीं पुतण्याला सांगितलें नाहीं. त्याची समजूत त्यानें स्वतःच घातली असावी. कारण थोड्या वेळानें त्यानें तें वाक्य पुरें केलें, अर्जाखालीं पहिली सही स्वतःची केली, आणि कागद माझ्यापुढें सरकविला. मीं दुसरी केली. जुना अर्ज त्यानें फाडून टाकला. पण त्याआधीं थांब्याविषयींची तक्रार वेगळ्या कागदावर उतरून घेतली. ती तो प्राचार्यांकडे नेणार नव्हता. मैदानावर जाऊन प्रशिक्षकांच्या हातीं देणार होता.

दुसऱ्या दिवशीं संध्याकाळीं तो जेवावयास उशिरा आला. सर काय म्हणाले, असें आत्याबाईंनीं विचारलें.

"म्हणाले, चूक झाली. थांबा घ्यायचें त्या गडबडींत सुचलेंच नाहीं." आणि ताट पुढें ओढून म्हणाला, "वहिनीकाकू, आज भूक लागली आहे."